पंधरा दिवसांचा समुद्र

१ मे

तीर्थरूप बाबांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

आज मोठ्या साहेबांनी खोलीत बोलावलं. वाटलं, काहीतरी चुकलं. तर म्हणाले, बाहेरच्या बेटांचा या पंधरवड्याचा हवामानाचा अंदाज तुम्ही लिहा. आजवर मी इथे दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा ओढत होते, बाबा!

तीनदा खोडून लिहिलं. उन्हाळा ऐन भरात आहे, उष्मा वाढेल, दुपारी एखादी सर येईल, समुद्र बहुतेक दिवस शांत राहील. उद्या सकाळी रेडिओवर वाचतील. लिहिणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, पण वाक्यं माझी आहेत, एवढं लक्षात ठेवून ऐका.

आपल्या घरातून मीच पहिली कॉलेजात गेले, तेव्हा लोक विचारायचे, हवेचा अभ्यास करून पोरीच्या हाती काय लागणार, हवाच ना? मला मनापासून वाटतं, बेटावरच्या माणसाला उद्याची हवा आज कळली, तर एकाही बाईला दारात उभं राहून समुद्राकडे बघत बसावं लागणार नाही. साहेब हसतात. म्हणतात, नवीन आहात. असू दे.

आईला सांगा, खानावळीतलं जेवण पाणचट असलं तरी वेळेवर जेवते.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
ठमी


४ मे

चि. हवामानसाहेबांस अनेक उत्तम आशीर्वाद.

ऐकलं! धक्क्यावर रेडिओ मोठ्याने लावला होता. ती बाई वाचत होती आणि मी प्रत्येक वाक्याला सांगत होतो, हे आमच्या ठमीचं. जाळी विणणारा म्हातारा म्हणाला, बाबा रे, आम्हाला ऐकू तर दे. जळतो मेला.

आता पंधरा दिवस निर्धास्त. मी सगळ्यांना सांगून टाकलं, पोरीने पंधरवड्याचं एकदम सांगितलंय, मग रोज रेडिओ लावून बॅटऱ्या कशाला संपवता? दुकानात तशाही मिळत नाहीत. निम्म्या धक्क्याने ऐकलं माझं. आपल्या घरचा रेडिओ फळीवर ठेवून दिलाय.

आणखी एक. दूरच्या बेटावर तुझी आत्या एकटीच असते, तिच्या घराची मागची भिंत खचली आहे. या दिवसांत मी त्या बाजूचा मोठा समुद्र ओलांडत नाही, तुला ठाऊक आहे. पण आता तू सांगितलंसच, तर तिला सामानासकट घेऊनच येतो. दोन-चार दिवसांत निघेन. तिची ट्रंक होडीत चढवायला चार माणसं लागतील, आणि तिचं तोंड बंद करायला आठ.

आहेस तशीच हुशार राहा, पण आम्हाला विसरण्याइतकी होऊ नकोस.

तुझा,
बाबा


७ मे

ती. बाबांना सा. न.

जाऊ नका. बाकीचं पत्र नंतर वाचा, पण जाऊ नका.

दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे आणि तो वेगाने आपल्या दिशेने सरकतो आहे. एक तारखेला त्याचा मागमूस नव्हता. पंधरवड्याचा अंदाज म्हणजे एकेका दिवसाचा शब्द नव्हे, बाबा. तसा शब्द कुणालाच देता येत नाही. म्हणून तर रोजची हवामानवार्ता असते, आणि तीच तुम्ही बंद करून बसलात.

साहेबांकडे गेले. अंदाज मागे घ्या म्हटलं. ते म्हणाले, आपल्याकडे अंदाज एक आणि सोळा तारखेला निघतो. मध्येच फिरवला की लोकांचा विश्वास उडतो. धोका असेल तर तो रोजच्या वार्तेत सांगायचा, अशी इथली पद्धत आहे. मी म्हटलं, आमच्या बेटावर रोजची वार्ता कुणी ऐकत नाही, कारण माझ्याच वडिलांनी रेडिओ बंद करायला लावले आहेत.  ते म्हणाले, तर मग वडिलांना पत्र लिहा. चेष्टा करत नव्हते.

आपल्याकडचा फोन अजून मुकाच आहे. हे पत्र टपालाच्या लाँचवाल्याच्या हातात देते आहे. आई, हे तुझ्या हाती पडलं तर त्यांना आधी धरून ठेव.

ठमी


८ मे

चि. ठमीस आशीर्वाद.

लाँचवाला खोळंबला आहे, उभ्याउभ्याच लिहिते. तुझं पत्र दुपारी आलं. ते सकाळीच गेले. एकटेच गेले.

रेडिओ फळीवरून काढून लावलाय. घरोघरी जाऊन सगळ्यांना लावायला सांगितलं. जाळीवाल्या म्हाताऱ्याने माणसं गोळा करून होड्या वर ओढून घेतल्या, एका शब्दाने टोचलं नाही मला. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

आजचा वारा बरा आहे, म्हणजे ते पोचले असतील. भीती परत निघण्याची आहे. उद्याच निघतो म्हणाले होते. तुमच्या नकाशात दूरचं बेट दिसतं का गं?

त्यांच्यावर रागावू नकोस. मी तुझ्यावर रागावलेली नाही. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

आई


१० मे

ती. आईस सा. न.

लाँच बंद आहे. हे पत्र इथेच पडून राहील, तरी लिहिते. दुसरं काही सुचत नाही.

दूरचं बेट नकाशात टिंबाएवढं दिसतं. काल संध्याकाळपासून ते वादळाच्या आत आहे.

काल सकाळी मी पुन्हा साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. सांगितलं, विश्वास उडायचा तर माझ्यावरचा उडू दे, माणसं राहू देत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सही केली. पंधरवड्याचा अंदाज मागे घेतला आहे, जे जिथे असतील त्यांनी तिथेच थांबावं, असं रेडिओवर वाचलं गेलं. या ऑफिसात असं आजवर झालं नव्हतं. पण बाबांच्या कानावर पडलं का? त्यांना निघून किती वेळ झाला होता? मला काहीच दिसत नाही, आई.

काही वाईट कळलं तर मी पुन्हा अंदाज लिहिणार नाही. खरं तर चांगलं कळलं तरी लिहिणार नाही. राजीनामा लिहून ठेवला आहे.

मला जवळ घे. एवढंच.

ठमी


१४ मे

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मी आहे. आत्याही आहे. काल टपालाच्या लाँचने दोघं घरी आलो. तुझी आई रडली नाही. भांडी आपटली, त्यावरून काय ते समज.

नऊ तारखेला ट्रंक होडीत चढवली, दोर सोडणार, तोच तिथला दुकानदार ओरडत आला की अंदाज मागे घेतलाय. समुद्र तर तेलासारखा गुळगुळीत. मी म्हटलं, माझी मुलगी आहे त्या ऑफिसात, ती शब्द फिरवणारी नाही, दुसऱ्या कुणीतरी घोळ घातला असेल. चांगली बाचाबाची झाली. तेवढ्यात आत्या होडीतून खाली उतरली आणि ट्रंक उतरवायला लावली. म्हणाली, पोरीला शांत दिसलं तेव्हा ती शांत म्हणाली, आता वादळ दिसतंय तर वादळ म्हणते. समुद्र फिरला तर तिने काय जुनंच घोकत बसायचं? तुला जायचं तर जा, फक्त तुझ्या बायकोला मी काय सांगू, ते लिहून दे.

मी फुरंगटून तिथेच बसलो. दिवस मावळायच्या आत वारा सुटला. रात्रभर सगळे शाळेच्या खोलीत दाराला पाठ लावून होतो. सकाळी पाहिलं तर होडी दगडांवर आपटून फुटली होती. एक फळी कामाची राहिली नाही. मोठ्या समुद्रात असतो तर काय झालं असतं, ते लिहीत नाही.

जाळीवाला म्हणतो, हंगामभर माझ्या होडीवर ये. जाईन.

आईला लिहिलेलं तुझं पत्र काल लाँचमधूनच आलं. वाचलं. खरं सांगू? मी तुझं ऐकतच नव्हतो गं, नुसता मिरवत होतो. राजीनामा दिला असशील तर जाऊन परत मागून घे, साहेब देतील. सोळा तारखेला आम्ही सगळे ऐकायला बसणार आहोत. तुला दिसेल तेच लिही. वाईट दिसलं तर वाईट लिही. आणि काहीच दिसत नसेल, तर दिसत नाही असंही लिही. आम्ही थांबू.

आमचा सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, सांभाळून राहा.

तुझा,
बाबा