थडग्यावरच्या एकतीस अंकांबाबत

मी, इंगेबोर्ग थ्युगेसन, निवृत्त गणितशिक्षिका, कै. वाल्देमार थ्युगेसन यांची पत्नी, राहणार स्वेन्बोर्ग, डेन्मार्क, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. साथ पायांनी सोडली, डोक्याने नाही. कुणाच्या सांगण्यावरून मी आजवर काही केलेले नाही. हे मृत्युपत्रही तसे केलेले नाही.

राहते घर, मागच्या सफरचंदांच्या झाडांसह, भाची गुडरून हिला. बँकेतली शिल्लकही तिलाच. आकडेमोडीचे यंत्र मुलींच्या शाळेला; हँडल अडते, तेल घालावे. तांब्याची कॉफीची किटली सुईण डाग्नीला. गणितप्रेमी मंडळाचे अध्यक्ष कोनराड ब्रास्क यांना काहीही देऊ नये, अंत्यविधीनंतरची कॉफीसुद्धा नाही. त्या माणसाची मला किळस येते.

कारण असे. वाल्देमारला एकतीस अंकांची एक संख्या सापडली, डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. बारीकसारीक संख्यांनी तिला भाग जाईना, म्हणून ती अविभाज्य असावी असे त्याला वाटले. मंडळाने लगेच गावभर डंका पिटला. पण दोनाहून मोठ्या प्रत्येक अविभाज्य संख्येचा एक गुण असतो: तिच्यातून एक वजा करा, तितके दोन एकमेकांशी गुणा, येईल त्याला तिनेच भागा, बाकी एकच उरते. वर्ग करत गेले की हे हाताने जमते. हिवाळाभर मी यंत्रावर बसले. एक उरला नाही. मग दोनाऐवजी तीन घेऊन केले. तरी नाही. म्हणजे ती अविभाज्य नाही, फुटते. कशाने फुटते, ते ही कसोटी सांगत नाही.

वाल्देमार तेव्हा दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होता. मी त्याला सांगितले.

"दोनदा केलंस?"

"हो रे."

 तो म्हणाला, "इंगे, मग ते कुठे लिहू देऊ नकोस गं. पोरं खरं समजतील."

तो गेल्यावर हे सगळे मी ब्रास्कला सांगितले. "भाजक दाखवा की मग, थ्युगेसनबाई! नाहीत ना? झालं तर!"

"अहो, नासकं अंडं पाण्यात तरंगतं. फोडून कशाला बघायचं?"

"बाई, वर्गणी जमलीय. पाथरवटाला सांगून झालंय."

आणि वाल्देमारच्या थडग्यावर ती संख्या कोरली! आता मास्तर पोरांना तिथे नेतात आणि ती थाप उतरवून घ्यायला लावतात. शी! ती तासून काढायला मी दोनदा कारागीर पाठवला, ब्रास्कने दोनदा हाकलला. मला तिथवर चालवत नाही.

थडग्याची जागा माझ्या नावावर आहे, माझ्यामागे गुडरूनच्या. तिने सगळे अंक तासून काढून घ्यावेत, मगच माझी शवपेटी वाल्देमारशेजारी उतरवावी. तोवर मला चॅपेलमध्येच ठेवावे. उन्हाळा असला तर वास सुटेल. सुटू दे. रोज मंडळाची सभा तिथेच भरवावी, आणि ब्रास्कला पुढच्या बाकावर बसवावे.

सही: इंगेबोर्ग थ्युगेसन
स्वेन्बोर्ग, ४ मार्च १९३८

बाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली. पूर्ण शुद्धीत होत्या, आणि संतापलेल्या.
साक्षीदार: होल्गर फाब्रिसियस, औषधविक्रेते
साक्षीदार: अस्ता क्विस्ट, शेजारीण