खाली पडलेली ओळ

बोदलकसा, ता. तिरोडा
२१ जानेवारी २०२५

चि. गुंजन हिला सुकराममामाचा आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, एक तुझी मामी सोडून.

पत्र पाहून हसशील, की या जमान्यात मामाजीला डाकेचं वेड काऊन लागलं. पण तुझा फोन तीन दिवसांपासून बंद आहे आणि मी अठ्ठावीस वर्षं सायकलवर गावोगाव डाक वाटली आहे, माझा दुसऱ्या कशावर भरवसा नाही. शिवाय फोनवर मी ओरडलो असतो. कागदावर ओरडता येत नाही, हे तुझं नशीब समज.

शनिवारच्या तुझ्या गोंदियाच्या कार्यक्रमावरून गावात दोन पार्ट्या पडल्या आहेत. पानठेल्यावरचा छोटेलाल म्हणतो, आपल्या बोलीत गाणं बांधून पुण्या-मुंबईच्या लोकांना ऐकवणारी पोरगी हजारात एक. नंदलाल गुरुजी म्हणतात, धानाच्या रोवणीच्या गाण्यावर गिटार म्हणजे भातावर चहा ओतल्यासारखं. गोंदियाच्या एका हिंदी पेपरनं तर छापलं की श्रोत्यांच्या हुल्लडबाजीमुळे चांगल्या कार्यक्रमाचा विचका झाला. ती हुल्लडबाजी करणारे श्रोते कोण होते, माहीत आहे काय तुले?

तुझी शामकलामामी होती. देवकाबाई होती. त्या दोघी धरून आपल्या रोवणीच्या रांगेतल्या बारा बाया होत्या. सकाळीच भाजी-भाकरी करून, ठेवणीतली लुगडी नेसून, भाड्याच्या टेम्पोत बसून आल्या होत्या. खुर्च्या भरल्या म्हणून मागं उभ्या नाही राहिल्या, घरून नेलेल्या चटया अंथरून बाजूला बसल्या. आणि तू "बांधीच्या पाण्यात सूर्य बुडाला, बाई" ही ओळ म्हटलीस तशी मामीनं ती उचलली, आणि बाकीच्यांनी तिच्या मागून. रोवणीत एकीनं ओळ टाकली की रांगेनं ती उचलायची, खाली पडू द्यायची नाही. पडली तर टाकणारीचा अपमान. ही रीत तू आमच्याकडे शाळेत होतीस तेव्हापासून तुला पाठ आहे. त्या बायांनी भरसभेत तुझा मान ठेवला.

आणि तू काय केलंस? गाणं थांबवलंस. माईकवर म्हणालीस की ज्यांना गाणं ऐकायचं नसेल त्यांनी घरी जावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामी उठली, चटई गुंडाळली आणि घरी आली. तिच्या मागे अकराजणी. मले तर जमिनीत गाडून घ्यावं वाटलं.

असं काऊन केलंस, एवढं लिही. माझा लोभ तुझ्यावर आहेच, पण सध्या तो रागाच्या खाली दबला आहे.

तुझा,
सुकराममामा


पुणे
२७ जानेवारी

ती. मामाजींना गुंजनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तुमच्यावरच चिडले, खरं सांगते. मामी येणार होती तर मला काऊन सांगितलं नाही? आई फुलचूरहून आली होती, तिलाही पत्ता नव्हता. मला माहीत असतं तर मी स्टेजवरून उतरून पाया पडले असते. तुम्ही सगळे अंधारात बसलेले, माझ्या डोळ्यांवर दिव्यांचा उजेड. समोरची पोरं पहिल्या गाण्यापासून शिट्ट्या मारत होती, सिनेमातलं गाणं म्हण म्हणून ओरडत होती. चार गाणी मी दात-ओठ खात काढली. आणि कानात मशीन असतं मामाजी, दोन्ही कान बंद. त्यातून फक्त माझा आवाज आणि गिटार ऐकू येते, बाहेरचं म्हणजे नुसता गलका. मला वाटलं तीच पोरं आता माझी नक्कल करून राहिली.

शिट्ट्या पोरांनी मारल्या आणि उठून गेली मामी. मला तर एवढंच दिसलं की बाजूचे काही लोक निघाले, आणि मला बरं वाटलं.

फोन का बंद आहे, तेही सांगते. त्या दोन मिनिटांचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे. निम्मे लोक मला शिव्या देतात, की गावाच्या नावावर मोठी झाली आणि गावालाच हाकललं. ते परवडलं. बाकीचे शाबासकी देतात. लिहितात, बरं केलंस, या अडाणी लोकांना शिस्त लावायलाच हवी. एका समीक्षकानं लिहिलंय की झाडीपट्टीच्या मातीतला अस्सल सूर ऐकू येत असतानाच काही ग्रामीण बायकांनी मध्ये आवाज करून तो बिघडवला. अस्सल सूर ज्यांच्याकडून घेतला त्यांनीच बिघडवला म्हणे! डोकं फिरायची वेळ आली आहे. शिव्या देणाऱ्यांशी मी भांडू शकते. या कौतुक करणाऱ्यांचं काय करू?

मामी माझा फोन घेत नाही. आईनं लावला तरी माझं नाव काढताच ठेवून देते. मार्चमध्ये नागपूरला माझा कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचे बारा पास सोबत पाठवते आहे. या वेळी कोणाला चटईवर बसावं लागणार नाही. मामीला द्या, आणि माझ्या वतीनं तुम्ही जे बोलता येईल ते बोला.

रागाखालून थोडा लोभ वर काढा.

तुमची,
गुंजन


बोदलकसा
२ फेब्रुवारी

चि. गुंजनला आशीर्वाद.

पास पोचले. मामीनं ते आपल्या हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातले. बारा पासांत टेबल बरोबर बसलं. तू काही म्हण, पण पास पाठवायची अक्कल तुले कोणी दिली? ज्या बाईला घरी जा म्हटलं, तिला आता खुर्ची दाखवतेस? तिला खुर्ची कधी पाहिजे होती?

आता एक गोष्ट कबूल करतो. आम्ही येणार हे तुला कळवू नका, असं मीच सांगितलं होतं. मामी म्हणत होती की पोरीला आधी फोन करू. मी म्हटलं, गाणं सुरू झालं की तू ओळ उचल, पोरगी आवाज ओळखेल, पाय नाचतील तिचे. अर्धा दोष माझा आहे. हे मी मामीलाही सांगितलं, तर तिनं एक संध्याकाळ माझ्याशी बोलणं सोडलं, म्हणजे तुझी शिक्षा वाटून घेतली असं समज.

खरी चिंता वेगळीच आहे. गुरुवारपासून उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली, आणि बाया गाऊन नाही राहिल्या. शेजारच्या खुशालच्या धानाच्या बांधीत मुकाट्यानं रोवलं. काल केवळरामकडेही तसंच. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसलो होतो, नुसता चिखलाचा पचपच आवाज. एवढ्या वर्षांत मी असं पाहिलं नाही. काल दुपारी देवकाबाईनं न राहवून एक ओळ टाकली. सत्तरीची बाई, किती लाडानं टाकली. कोणी उचलली नाही. सगळ्या मामीकडे पाहत होत्या, आणि मामी खाली मान घालून धानाच्या पऱ्ह्यांचं एकेक रोप लावत होती.

मामीला मी विचारलं की पोरीचा राग बांधीवर कायले काढतेस. ती म्हणाली, आपलं गाणं म्हणजे गोंधळ आहे हे हजार लोकांनी टाळ्या वाजवून सांगितलं, मग आता कोणाच्या भरवशावर गायचं. याचं उत्तर तुला सुचलं तर लिही. एकदा गाणं सुटलं तर पुढच्या वर्षी मशीननं रोवतील, मग कोण कोणाची ओळ उचलेल?

लोभाचं विचारू नकोस, तो आहे.

सुकराममामा


पुणे
७ फेब्रुवारी

ती. मामाजींना नमस्कार.

मामीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी त्या दिवसाचं सगळं पुन्हा ऐकलं. आवाजाचं काम पाहणाऱ्या वीरेंद्रकडे त्या कार्यक्रमाचं पूर्ण रेकॉर्डिंग होतं. लोकांच्या बाजूला लावलेल्या माईकचं वेगळं असतं, ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. मामाजी, त्यात मामी आहे. शिट्ट्यांच्या वर, स्वच्छ. माझ्याच पट्टीत उचलली आहे तिनं, आणि देवकाबाई नेहमीसारखी थोडी मागे. आणि मग मी, माईकवर, इतक्या गोड आवाजात, घरी जा म्हणते. वीरेंद्र समोर होता तरी मी हमसून हमसून रडले.

गाण्याची पुढची ओळ मी स्वतः बांधली होती. ती त्यांना ऐकवायचीच राहिली.

आपल्या बांधीचं रोवणं कोणत्या दिवशी आहे ते आईच्या फोनवर कळवा. मी येते. गिटार आणत नाही, कॅमेरा आणत नाही, कोणाला सांगतही नाही. फक्त मामीला सांगा. या वेळी कोणालाही आश्चर्याचा धक्का देऊ नका, हात जोडते.

तुमची,
गुंजन


बोदलकसा
१८ फेब्रुवारी

चि. गुंजन हिला शामकलामामीचा आशीर्वाद. माझी सातवीच झाली आहे, अक्षर असंच राहील, लावून वाच.

मामा म्हणाले मी लिहून देतो. मी म्हटलं, नको. तुमच्या हातानं अगोदरच खूप घोळ झाला आहे.

तू तेरा तारखेला आलीस, न विचारता रांगेच्या शेवटी उभी झालीस, साडी वर खोचलीस. तुझं रोवणं आजही वाकडंच आहे. तुझ्या मागून मले दोनदा पऱ्हे सरळ करावे लागले. मग तू गोंदियाची तीच ओळ टाकलीस. आम्ही घेतली नाही. दुसऱ्यांदा टाकलीस, घेतली नाही. तिसऱ्यांदा तुझा आवाज फाटला. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर राग टिकला नसता, आणि मले तो टिकवायचा होता, खरं तेच लिहिते. संध्याकाळी पाया पडून तू गाडीला गेलीस. चहा पूर्ण प्यायली नाहीस.

पण एक ध्यानात ठेव. तुझी ओळ तीनदा पडली, तरी त्या बांधीतून तुले कोणी घरी जा म्हटलं नाही.

तू गेल्यावर बाया माझ्यावर उलटल्या. देवकाबाई तर दोन दिवस बोलून राहिली की पोरगी एकदा चुकली, न ऐकता चुकली, तू तर धडधडीत ऐकून चुकलीस. मले ते लागलं. परवा तिच्याच बांधीत शेवटचं रोवणं होतं. तुझी ओळ तीन दिवसांपासून पडून होती, ती मी उचलली. सगळ्यांनी घेतली. केवळराम रस्त्यानं सायकलवर चालला होता, तो उतरून उभा राहिला. तुझ्या मामानं धुऱ्यावर डोळे पुसले आणि म्हणाले की डोळ्यात कचरा गेला.

पुढच्या वेळी एका कानातलं मशीन काढून ठेवत जा. एक कान आमचा.

तुझे पास टेबलाखालून काढून पुसून ठेवले आहेत. टेबल पुन्हा हलते. नागपूरले येऊ, पण चटया नेऊ.

आता कामाचं. पहिली ओळ आमची, ती आम्ही रोवणं संपेपर्यंत फिरवून फिरवून म्हटली. मग देवकाबाई म्हणाली की पोरीनं पत्रात लिहिलं की पुढची ओळ तिनं बांधली आहे, ती कोणती? कोणालाच येत नव्हती. गोंदियाले तू तिच्या अगोदरच थांबलीस, बांधीत आम्ही तुले तिथवर जाऊ दिलं नाही. ती कागदावर लिहून डाकेनं पाठव. अक्षर मोठं काढ, देवकाबाईले दिसत नाही. पाठ करून ठेवतो.

तुझी,
मामी