आईचं झोपेतलं मरण

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. काडी हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत. 'खुशाल' या शब्दाची व्याप्ती पुढे सांगते. तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे वाक्य जरा लांब आहे.

आधी तुझ्या भावजींची बातमी. महिन्याभरापूर्वी त्यांना अखेर तपासणीला नेलं. पोट त्यांच्या आधी खोलीत शिरतं, सिगारेट तेव्हा 'जवळजवळ सोडलेली' होती, आणि दुकानात रंगाच्या छटेवरून एखाद्या गिऱ्हाइकाशी वाजल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. हृदयविकाराच्या पुस्तकात उदाहरण म्हणून छापावा असा माणूस. वर्षभर मी त्यांच्या ताटावर पहारा देते आहे.

डॉक्टरीणबाई तरुण, पण आवाजात जरब. रक्तदाबाचा पट्टा पुढे आला तसा भावजींनी हात मागे घेतला. त्यांना त्या यंत्राची भीती वाटते, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं. "आधी हिला बांधा, मग बघू," म्हणाले. बाईंनी हसत हसत तो माझ्या दंडाला बांधला.

मग हसणं थांबलं. पट्टा दुसऱ्या दंडाला गेला. मी म्हटलं, जिना चढून आले आहे. त्यांनी मला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं न बोलता बसायला सांगितलं. "न बोलता बसवलंत तर वाढणारच," भावजींनी तेवढ्यात घुसवलं. पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर.

भावजींचा, सांगायलाच हवं, एकशे सव्वीस. ते जिंकल्यासारखे उठले, दारापर्यंत गेले, माझ्याकडे बघितलं आणि परत येऊन बसले.

मी वाद घातला, अर्थात. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, धाप नाही, अंगावर मांस नाही. लक्षणच नाही तर रोग कुठून? बोलता बोलता मलाच आठवलं, दरवर्षी न्यायशास्त्राच्या तासाला मी सांगते: जिथे धूर तिथे अग्नी हे खरं, पण जिथे अग्नी तिथे धूर असेलच असं नाही, तापलेला लोखंडी गोळा पाहा. हे चुकलं की मी मुलांचे गुण कापते. त्या दिवशी माझे कापले गेले.

मग प्रश्न. साखर, तंबाखू, झोप, चालणं. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का? वाढला होता, पाय सुजले होते, तुझ्यासारखेच. बाळंतपण आटोपलं की ते संपलं, असं आपण दोघी धरून चाललो. ते पुढची वर्दी देऊन जातं, असं बाई म्हणाल्या. शिवाय ही कारणं नुसती शेजारी शेजारी बसत नाहीत, एक दुसऱ्याला जोर देतं.

"आई?" त्यांनी विचारलं.

"झोपेत गेली," मी नेहमीच्या अभिमानाने सांगितलं. "कोणाला त्रास दिला नाही. असं मरण भाग्यात असावं लागतं."

"वय किती होतं?"

काडी, इतकी वर्षं आपण ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो, आणि हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. बावन्न, मी म्हटलं. बाईंनी मान वर केली नाही. आता खात्रीने काही सांगता येणार नाही, पण मी हे हृदयाचंच धरून चालणार, म्हणाल्या. तिला दुखलं असेल का, तिने हाक मारली असेल का, ते मी विचारलं नाही. आपण दोघी शेजारच्याच खोलीत होतो.

आता जे लिहायचं टाळत होते ते. पुढच्या तपासणीत माझ्या हृदयाची भिंत थोडी जाड निघाली. म्हणजे हा दाब कालपरवाचा नाही, बऱ्याच वर्षांचा आहे. तू घाबरू नकोस; ते काम मी उरकलं आहे. गोळी सुरू आहे, मीठ आवरलं आहे, रोज चालते. आता तुझे भावजी माझ्या ताटावर पहारा देतात आणि त्यात त्यांना नको तितका आनंद होतो. सिगारेट मात्र त्यांनी खरोखर सोडली, माझ्यासमोर, काही न बोलता. माझा आकडा उतरतो आहे. जोखीम आधी कळली की तिच्याशी भांडता येतं, असं बाई म्हणतात. आणि भांडण आपल्या घराण्यात कोणाला शिकवावं लागलेलं नाही.

राहिलीस तू. तीच आई, तशीच सुजलेली पावलं, तसाच सडपातळपणाचा तोरा. "मला काय धाड भरलीय?" हे तुझं वाक्य मला इथे बसून ऐकू आलं. मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी तुमच्याकडच्या दवाखान्यात तुझी वेळ घेतली आहे. मी आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी पोचते. उपाशीपोटी निघायचं. रस्ताभर रुसून राहिलीस तरी चालेल, गप्प बसायचा तेवढाच सराव.

आणि एक. यापुढे आई झोपेत गेली असं कोणाला सांगायचं नाही. लवकर गेली, असं सांगायचं.

येत्या जूनमध्ये आईहून वयाने मोठी होणारी, आणि पाठोपाठ तुलाही त्या वयापलीकडे नेणारी,

तुझी ताई