पाणी का घेतलं नाही, त्याचा खुलासा

सिंदी (रेल्वे),
गुरुवार, १९ सप्टेंबर २००२

आदरणीय व्याही श्री. चंद्रभानजी यांना सदाशिवचा सादर नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे माझे पाय सोडून बाकी घर बरं आहे. विमलाबाईंची कंबर आता कशी आहे? आमच्या होणाऱ्या जावयांची, धनंजयरावांची गाडी दुरुस्त झाली का? तुमची कपाशी यंदा चांगली दिसली (पळता पळता जेवढी दिसली तेवढी). आणि तुमचा राग किती उतरला, तेही जमल्यास कळवावे.

परवा प्रेमदासजी दुकानात आले. लग्न जुळवणाऱ्या माणसाची बातमी चेहऱ्यावरूनच कळते. चहा दिला तर कप हातात धरून नुसते बसले. मग तुमचा निरोप सांगितला की दसऱ्याच्या साक्षगंधाचं 'पाहू'. आपल्याकडे 'पाहू' म्हणजे काय, हे दुकानदाराला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या काजलनेही आतून ऐकलं. म्हणून मी लिहायला बसलो.

सेलूच्या गणेश मंडळाचं हे पंचविसावं वर्ष, म्हणून त्यांनी पंचवीस किलोमीटरची डोंगरदौड ठेवली (नशीब, मंडळाची शताब्दी नव्हती). मी एक्कावन्न वर्षांचा, गादीवर बसून तूरडाळ विकणारा. पण लग्नाच्या बैठकीत चारचौघांसमोर तुम्हीच म्हणाला होता, "दुकानदार माणूस वावराच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर नाई जाऊ शकत." मी तेव्हा हसलो, आणि दुसऱ्या दिवशी कॅनव्हासचे बूट आणले. सोयऱ्यांसमोर काजलच्या बापाने खाली पाहायचं नाही, एवढं ठरवलं.

पण भादव्याचं ऊन वरून भाजतं आणि ओली जमीन खालून वाफ सोडते. टेकडीवरच्या सागाच्या रानात पानही हलत नव्हतं. बनियन अंगाला चिकटलं. खिशातला कांदा (ऊन लागू नये म्हणून आमच्या सौ. रुख्मिणीने दिलेला) अर्धा शिजला असावा. तरणी पोरं दगडांवर बसून राहिली. मी बसलो नाही, कारण बसलो तर उठणार नाही, हे गुडघ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वाटेतली पाण्याची दोन टेबलं मी पोचेपर्यंत कोरडी झाली होती. अठराव्या किलोमीटरला तिसरं आहे, एवढ्यावर पळत होतो (खरं सांगायचं तर पाय ओढत होतो). आणि ते तिसरं टेबल निघालं तुमच्या अंगणात.

विमलाबाईंनी तांब्या पुढे केला. "घ्या नं जी, काऊन उभे राह्यले?" आता आमच्या घरची रीत अशी की मुलीला लेकरू होईस्तोवर तिच्या सासरचं पाणी बापाने तोंडाला लावायचं नाही. आई जाताना माझा हात धरून हेच सांगून गेली. तुम्ही म्हणाल, साक्षगंधाआधी कुठलं सासर? पण होकार दिला त्या दिवशीच मी पोरगी तुमची मानली. हे सगळं तिथेच सांगितलं असतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. म्हणून हात जोडले आणि निघालो. मागून तुमचा आवाज आला, "आमच्या पाण्यात किडे पडले काय जी?" आणि तो सगळ्या गावाने ऐकला. भर अंगणात तुमचा अपमान झाला, याची मला मनापासून लाज वाटते.

तरी दौड मी पुरी केली. एकसष्टावा आलो, म्हणजे जे पोचले त्यांत शेवटचा. पण पोचलो. तसाच दसऱ्याला दारात मांडव टाकून उभा राहणार आहे, तुम्ही येईस्तोवर.

आपला,
सदाशिव

ता. क. हे रुख्मिणीला कळू देऊ नका. तुमच्या घरापासून दोन शेतं पुढे विहिरीच्या पाण्यावर भरलेलं गुरांचं टाकं होतं. बैलाच्या शेजारी गुडघे टेकून मी त्यात तोंड घातलं. शेत परक्याचं, तेव्हा रीत सांभाळली, या आनंदात उरलेले सात किलोमीटर गेले. परवा प्रेमदासजी म्हणाले की ते टाकं तुमचं आहे. बैलही तुमचाच.

आणखी ता. क. म्हणजे रीत मोडलीच आहे. आईला काय सांगायचं ते मी वर गेल्यावर पाहीन. दसऱ्याला येताना त्याच विहिरीची एक कळशी भरून आणावी, मांडवात सगळ्यांसमोर पितो. खरी विनंती एवढीच. पोरगी देताना बाप घर पाहतो, शेती पाहतो, माणसं पाहतो; पाणी चाखून कोण पाहतं? मी पाहिलं, चंद्रभानजी. फार गोड आहे. माझी काजल तिथे सुखात राहील.