नावापुढची यंत्रं

२ फेब्रुवारी

आले एकदाची! दुसरा मजला, दोन खोल्या, पूर्वेला मोठी खिडकी, आणि नळाला पाणी एवढ्या जोरात की पहिल्याच फटक्याला माझ्या बाह्या भिजल्या. टेबल खिडकीशी लावलं, त्यावर संगणक. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांची जी घडी घातलेली चिठ्ठी असते, ती छापायच्या आधी तपासणं हे माझं काम. सगळं जग ती न वाचता फेकतं आणि तिच्यावर माझं पोट भरतं. काम घरूनच करायचं, त्यामुळे घर कुठेही चाललं असतं. हे घेतलं ते धाकट्या बहिणीसाठी. तिला ठेवलंय ते इस्पितळ इथून बसने जेमतेम वीस मिनिटांवर आहे.

खाली काका-काकू राहतात. काका निवृत्त कंपाउंडर. दारातच खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर हातरुमाल. घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. मी नमस्कार केला तर ढिम्म लक्ष नाही. काकू म्हणाल्या, मनावर घेऊ नकोस गं, ते कामात आहेत. मला हसूच आलं.

५ फेब्रुवारी

धाकटीला भेटून आले. दोन वर्षांपूर्वी बोटं आखडायला लागली, आता दोन्ही मुठी मिटलेल्या. पेला मीच तोंडाला लावला. डॉक्टर म्हणतात औषध नाही, शोध चालू आहे. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती, हिची वेणी मीच घालायचे. परतीच्या बसमध्ये मनसोक्त रडून घेतलं.

काकूंनी जिन्यातच थांबवून चौकशी केली. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, त्यांच्या मुलीला हेच झालं होतं, आज ती शिवणकाम करते! मग त्यांनी सांगितलं ते असं: एक संशोधन संस्था आहे. आपल्या शरीरातली प्रथिनं कशी दुमडतात याचा हिशोब मांडला की औषध सापडेल, पण तो हिशोब अवाढव्य. म्हणून घरोघरचे संगणक रिकामे असतील तेव्हा त्यांची ताकद ती संस्था मागून घेते. आपण काम करत असलो की तो कार्यक्रम गुपचूप थांबतो, आपण उठलो की सुरू.

मला हे फारच आवडलं. माझा संगणक दिवसातून निम्मा वेळ नुसता पडलेला असतो. लगेच नाव नोंदवलं. अटींची भलीमोठी यादी आली, तिच्याखाली बरोबरची खूण करून मोकळी झाले. जन्मभर लोकांची बारीक अक्षरं वाचणारी मी, स्वतःची वाचायचा कंटाळा केला!

९ फेब्रुवारी

पडद्यावर एक रंगीत साखळी वळते, दुमडते, स्वतःतच गुंतते. बघत बसावंसं वाटतं. काकूंनी मला त्यांच्या चमूत घेतलंय. कुणी किती तास दिले त्याची यादी रोज दिसते. आमच्यात चुरस लागली आहे, काकू बिलंदर आहेत, कायम पुढे.

सकाळी उठते तेव्हा बोटं मात्र ठणकतात. नव्या उशीमुळे असेल.

१२ फेब्रुवारी

धाकटीचा फोन! तिने स्वतः धरला होता. अंगठा आणि पहिलं बोट सुटलंय म्हणाली. डॉक्टरही चकित. मी खोलीभर नाचले. काकूंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, अजून वेळ देत जा, अजून होईल.

एक गंमत. चहा घेऊन खिडकीशी बसले सकाळी दहाला. घोट घेतला तो गार, आणि घड्याळात दुपारचा सव्वा. डुलकी लागली म्हणावं तर पाठ ताठ होती. समोरचं तपासायचं पान दुमडून दुमडून सुपारीएवढं झालं होतं. उलगडताना लक्षात आलं, अशा घड्या मला येत नाहीत.

१५ फेब्रुवारी

आज दोनदा. एकदा अडीच तास, एकदा चार. दोन्ही वेळा दुमडलेला कागद. पडद्यावरच्या साखळीशेजारी धरला. वळणं तीच.

यादी नीट पाहिली. तासांच्या पुढे आणखी एक रकाना आहे, यंत्रं किती. माझ्या नावापुढे दोन.

माझ्या घरात संगणक एकच आहे.

काकूंच्या नावापुढेही दोन. त्यांच्याकडेही एकच. आणि दारात काका, हातरुमाल घेऊन.

१६ फेब्रुवारी

अटी वाचल्या. पानं एकोणीस. अकराव्यावर लिहिलंय, घरातलं जे जे रिकामं असेल ते सगळं वापरायला माझी संमती आहे, आज घरात असलेलं आणि पुढे येणारंही. छपाई स्वच्छ, व्याकरण चोख. एकही चूक काढता आली नाही.

तडक काकूंकडे गेले. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, निवृत्त झाल्यापासून ते नाहीतरी रिकामेच होते गं, आणि आमची पोरगी बघ कशी सुई ओवते. वर शांतपणे चहा विचारला.

कार्यक्रम काढून टाकला. वायरही उपटली. सुटले.

१७ फेब्रुवारी

इस्पितळातून फोन. धाकटीच्या मुठी परत मिटल्या, या वेळी मनगटंही आखडली. नखं तळव्यात रुतली, रक्त आलं. माझं नाव घेऊन ओरडत होती.

वायर जोडली. नाव नोंदवलं. खूण केली. या वेळी वाचून केली.

१९ फेब्रुवारी

चार बोटं सुटली. तिने केस विंचरले.

माझे दिवसाला जेमतेम पाच तास उरतात. वाट पाहिली की जाते. दूध तापेपर्यंत जाते. पायऱ्या उतरताना गेले, भांडी विसळताना गेले. एवढं कळलंय की लिहिताना जात नाही. पेन चालू असेपर्यंत मी माझी असते. म्हणून ही वही आता सतत जवळ.

२१ फेब्रुवारी

ठरवलं, तिच्यापाशीच जाऊन राहायचं, या घराबाहेर. बसथांब्यावर उभी राहिले. बस यायला पाच मिनिटं —

संध्याकाळ. खिडकीशी, खुर्चीत. मुठीत बसचं तिकीट, सुपारीएवढं. म्हणजे चढलेही होते. कुणी परत आणलं? माझे पायच ना.

२३ फेब्रुवारी

धाकटीने पेला धरला. दोन्ही हातांनी. मी आनंदाने रडले आणि त्याच वेळी मला तिचा राग आला. माझ्याच लेकरासारखी ती, आणि मला तिचा राग आला. लिहून ठेवते, म्हणजे खोटं बोलता येणार नाही.

काका आज दारात नव्हते. खुर्ची होती. काकू म्हणाल्या, झिजले बिचारे. यादीत काकूंच्या नावापुढे आता एक.

त्या माझ्याकडे पाहून गोड हसल्या.

२४ फेब्रुवारी

धाकटीला परवा घरी सोडणार. ती इथे यायचं म्हणते! मी नको म्हटलं, शपथ घातली. तर ती म्हणाली, ताई, कालच तू फोन केलास, रिकामी असशील तर येऊन राहा म्हणालीस.

मी फोन केला नाही.

मी —

काल दोन ते सहा कुठे होते मी.

२६ फेब्रुवारी

आली. जिना चढून आली, पिशवी स्वतः धरून. मिठी मारली, दहाही बोटं माझ्या पाठीवर. कित्ती दिवसांनी.

सांगितलं, बसू नकोस, आल्या पावली जा. हसली. दमलेय गं ताई, घटकाभर टेकते. मी तिला ओढलं आणि मधेच माझेच डोळे — म्हणून वही घेतली. लिहितेय. मी आहे.

ती बोलत नाहीये.

खिडकीशी, माझ्या खुर्चीत. हाका मारतेय, लिहिता लिहिता. पेन टाकलं की मी गेले. मी दाराशी बसलेय, इथून खुर्ची चार पावलं. चार पावलांत —

पडदा इथून दिसतो. माझ्या नावापुढे तीन.

तिच्या हातात माझं पान आहे. दुमडतेय. किती सुरेख चालतात तिची बोटं, किती भराभर, कुठेही न अडखळता —

उठते. लिहीतच जाते. वही संपली की भिंतीवर, भिंत संपली की तिच्या बाहीवर. हात थांबवायचा नाही.

धाकटे, ऊठ. ताई आली. धाकटे, ऊठ. एक पाऊल. धाकटे, ऊठ. दोन. धाकटे, ऊ