अठ्ठेचाळीसचा इसार

सेनगाव,
१६ मे २०२५

चि. प्रतिक्षास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन लागत नाही म्हणून काळजीत असशील. तो मी तुझ्या मामीच्या हवाली केला आणि तिनं तो ज्वारीच्या कोठीत पुरला. त्यातले शेअरबाजाराचे हलणारे हिरवे-लाल आकडे आता मला बघवत नाहीत. म्हणून हे पत्र.

फवारणी पंपाच्या कंपनीचा तिमाही निकाल बुधवारी होता. आमच्या तालुक्यात जिकडे पाहावं तिकडे पाठीवर तोच पंप, त्यामुळे निकाल चांगला लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी हजाराच्या भावाचा कॉल ऑप्शन घेतला. आपल्या हळदीच्या इसारासारखाच तो. थोडे पैसे देऊन ठेवायचे, मग महिनाअखेरपर्यंत भाव कितीही चढो, ठरल्या भावाला घेण्याचा हक्क आपला. इसार शेअरमागे अठ्ठेचाळीस रुपये, असे सातशे शेअर. निकाल चांगलाच लागला. शेअर हजाराचा हजार वीस झाला, आणि माझा अठ्ठेचाळीसचा इसार सदतीसवर आला! घाबरून मी तो विकून टाकला. माल महागला आणि इसार उतरला, ही उघड लबाडी नाही तर काय? तू पुण्यात शेअरवाल्यांच्याच ऑफिसात बसतेस, तेव्हा तक्रार कुठे करायची ते कळव. तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला कुणी असं बनवावं याची शिसारी येते.

एक गोष्ट मामीलाही सांगितलेली नाही. मी निकालावर पैसे लावलेत हे लोकांना ठाऊक होतं, आणि शेअर वाढला एवढंच त्यांनी पाहिलं. कनेरगाव नाक्यावरच्या हॉटेलात माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी माझं कौतुक केलं, चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मी गप्प बसून चहा प्यालो. आता त्यांतला वैजनाथ जुलैच्या निकालाला हेच करणार म्हणतो, आणि त्यात बहीण पुनमच्या नर्सिंगची फी घालणार आहे. तोवर तू लबाडी शोधशीलच.

मामावर माया आहे तशी राहू दे.

तुझा,
माणिकमामा


पुणे,
२२ मे २०२५

ती. माणिकमामांस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, कोठीतल्या फोनला. मग वैजनाथदादाचं वाचलं आणि हसू गेलं.

मामा, लबाडी कुणीच केलेली नाही. आपल्याकडे हळदीचा इसार रिवाजानं ठरलेला असतो. घासाघीस भावाची करायची, इसाराची करायची नाही. तीच सवय घेऊन तुम्ही इकडे आलात. हजाराचा भाव तुम्ही दहादा तपासला असेल, पण अठ्ठेचाळीस हा आकडा स्वस्त की महाग, हे एकदाही विचारलं नाहीत. इथे इसाराचाच लिलाव होतो.

निकालाआधी काय होईल कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून इसार फुगतो. त्या फुगलेल्या किमतीवरून उलटं गणित मांडलं, की शेअर किती हलेल असं बाजारानं धरलंय ते कळतं. त्याला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणतात. तुमच्या अठ्ठेचाळीसमध्ये आठेक टक्क्यांची उडी धरलेली होती, वर की खाली ते बाजार सांगत नाही. शेअर हलला दोन टक्के. निकाल लागला, धाकधूक संपली आणि तिच्यासाठी मोजलेले पैसे इसारातून एका सकाळीत उडाले. चांगल्या निकालावर पैसे लावले असं तुम्हाला वाटलं. खरं तर तुम्ही मोठ्या उडीवर लावले होते, आणि तीही वरच.

आता माझंही ऐका. तो आकडा फुगलाय हे मला निकालाआधीच माझ्या पडद्यावर दिसत होतं. असे इसार विकणाऱ्यांत आमचं ऑफिसही होतं आणि हिशेब मीच मांडला होता. इसार उतरल्यावर ऑफिसात नफ्याचे पेढे वाटले, मी दोन खाल्ले. तुमचं पत्र वाचल्यापासून मला त्या पेढ्यांची किळस येतेय.

वैजनाथदादाला खरं सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर मी सांगेन, आणि ते तुम्हाला जास्त लागेल. मामीला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली,
प्रतिक्षा


सेनगाव,
३ जून २०२५

चि. प्रतिक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उशाखाली ठेवलं. मग मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की एवढं शिकून तुमी असं काहून करून राहिले, आन् त्या पोराला अजून सांगितलं न्हाई? तिच्या नजरेत जे दिसलं, ते लिहवत नाही.

काल नाक्यावर गेलो. सगळे बसले होते. निकाल बरोबर ओळखूनही सात हजार सातशे घालवले आणि वर फुकटचा चहा प्यालो, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तुझी इसाराची गोष्ट फरशीवर खडूनं मांडून दाखवली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

वैजनाथनं वाकून खडूचे आकडे एकेक करून तपासले. मग म्हणाला की सर, दहावीला माझ्या गणिताचं उत्तर बराबर आलं होतं, पण रीत चुकली म्हणून तुमी शून्य दिला होता. आज सोताला किती देता? मी म्हणालो, शून्यच. तो हिंगोलीच्या जीपमध्ये बसला आणि पुनमची फी भरूनच परतला.

तुझ्या पेढ्यांबद्दल मी काय बोलू? माझ्याही घशाशी तो चहा अजून येतो. नोकरीचं काय करायचं ते तुझं तू ठरव, मी निकाल ओळखणं सोडलंय.

काल चहाचे पैसे मी दिले. कुणी नको म्हटलं नाही.

पत्राचं उत्तर पत्रानंच दे, फोन कोठीतच आहे. माया उरली असेल तेवढी सांभाळ.

तुझा,
माणिकमामा