वर्कशॉप मुलीच्या नावे, आणि एका क्लिपचा खुलासा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा गिअरबॉक्स दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या पेनाने लिहीत आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून गळ घातलेली नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांचं मत वेगळं आहे, पण गुडघ्यांना मृत्युपत्र लिहायचं नसतं. वकीलबाईंनी दिलेला नमुना एका पानात संपत होता. माझं तेवढ्यात भागणार नाही, म्हणून त्यांची आधीच माफी मागतो.

कलम १. आठ वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र या लेखाने पूर्णपणे रद्द समजावे. त्यात वर्कशॉप माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाच्या नावे लिहिलं होतं. माझी मुलगी सोळा वर्षं त्या वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर राबते आहे. तो कागद तिच्या हाती लागला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बाबा, माझं काय चुकलं?" उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर आणखी बरंच काही कबूल करावं लागलं असतं. ते आता करतो.

कलम २. खुलासा. बावीस वर्षांपूर्वी मेहुण्याने डिझेल पिकअप घेतली, ऑटोमॅटिक गिअरची. त्याचा लाद्या वाहायचा धंदा होता. गिअर घसरायला लागले, म्हणून मी गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलला आणि नऊ दिवसांत नव्याने बांधून दिला. गाडी गेल्यावर टेबल पुसताना फडक्याखाली एक क्लिप सापडली, करंगळीच्या नखाएवढी.

माहीत नसलेल्यांसाठी लिहितो. ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर पार्किंगला टाकला की आत एक लोखंडी खटका दातेरी चाकात अडकतो आणि गाडी जागची हलत नाही. तो खटका ज्या पिनेवर फिरतो ती पिन निसटू नये म्हणून ही क्लिप असते. सुट्या भागांच्या पाकिटात एखादी जास्तीची येतेही. ही जास्तीची की बसवायची राहिलेली, ते मला काही केल्या आठवेना. गाडी परत बोलवावी असं मनात आलं. पण पुन्हा सगळं उतरवायचं, आणि वर मेहुण्यासमोर कबूल करायचं की मी विसरलो असेन! उद्या बघू म्हटलं. पाचव्या दिवशी चढावर उभ्या गाडीतून तो लाद्या उतरवत होता. गाडी मागे घरंगळली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. पिकअप विकली गेली. त्यानंतर मी एकाही ऑटोमॅटिकला हात लावला नाही, आणि मेहुण्याच्या डोळ्याला डोळाही दिला नाही. वर्कशॉप त्याच्या नावे केलं ते त्याच पायी. मुलीचा हक्क मारून मी माझी भरपाई करायला निघालो होतो, हे मला दिसत होतं. तरी केलं.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. मुलीने भंगारवाल्याकडून सुट्या भागांसाठी एक जुना गिअरबॉक्स आणला. ज्या मागच्या भागात तो खटका असतो, त्याच्या प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ होती. ती माझी तेव्हाची सवय. बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून कव्हरवर रंगाची एक रेघ ओढायची, म्हणजे पुढे कोणी तो फिरवला तर रेघ तुटते. एकही रेघ तुटली नव्हती. गिअरबॉक्सवरचा नंबर माझ्या जुन्या वहीत मेहुण्याच्या पिकअपसमोर लिहिलेल्या नंबराशी जुळला. म्हणजे माझ्यानंतर तो भाग कोणीही उघडलेला नव्हता.

मी म्हणालो, "हा उघडू नकोस."

"का?"

"नको म्हटलं ना."

शेवटी माझीच मुलगी ती, उघडलाच. मी बाहेर नळावर हात धूत बसलो, धुतलेलेच. आतून तिचा आवाज आला, "बाबा, हे ज्याने बांधलंय ना, तो पक्का माणूस असणार. खटका, पिन, क्लिप, सगळं जिथल्या तिथे आहे." मी तिथेच हमसून हमसून रडलो. तिला वाटलं माझ्या छातीत दुखतंय, ती डॉक्टरीणबाईंना फोन लावायला धावली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या भावाशी नजर चोरून बोलता ते मला दिसत होतं हो. मला वाटलं, तुम्हाला तो आवडत नाही." दुसऱ्या दिवशी, मेहुण्याने पाय गेल्यावर काढलेल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो आणि सगळं ओकलो. तो बराच वेळ काउंटरवरचे फिल्टर सारखे करत राहिला.

"दाजी, मी गाडी पार्किंगला टाकलीच नव्हती."

"म्हणजे?"

"न्यूट्रलला ठेवून उतरलो. हँडब्रेकपण नाही. मागच्या चाकाला एक वीट लावली, ती फुटली. सगळ्यांना सांगितलं, गाडी आपोआप घरंगळली. मग तुम्ही ऑटोमॅटिकचं कामच सोडलंत. म्हटलं, माझ्या थापेपायी यांचा हात कामावरून उठला. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

मग दोघे जे हसत सुटलो ते थांबेचना. एक गिऱ्हाईक बेल्ट न घेताच निघून गेलं. माझा जीव बावीस वर्षांनी भांड्यात पडला.

कलम ३. माघार. ऑटोमॅटिक म्हणजे नसती कटकट, घाटात दगा देणारच, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आलो. ते शब्द बिनशर्त मागे घेतो. डिझेल इंजिनाची ओढ आणि नीट बांधलेला ऑटोमॅटिक यांचं उत्तम जमतं. बिघडतात ते गिअरबॉक्स कमी, त्यांचे मालक जास्त.

कलम ४. वर्कशॉप, जागेसह, दोन्ही लिफ्ट, प्रेस आणि दारावरच्या पाटीसकट, माझ्यानंतर मुलीचं. कोणीही हक्क सांगू नये. तिला माझ्या सूचना नकोच आहेत, तरी लिहितो. पुस्तकात "तेल आयुष्यभर पुरेल" असं छापलं असेल तर कोणाचं आयुष्य ते विचारावं, आणि साठ हजार किलोमीटरला बदलावं. जळलेला गिअरबॉक्स बांधून दिला की तेलाचा कूलरही बदलावा, नाहीतर त्यातला लोखंडाचा चुरा नव्यालाही खातो. चढावर आधी हँडब्रेक, मग पार्किंग, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं, मग ते कितीही घाईत असो.

तो बांधकामवाला आला तर त्याला बाकावर बसवावं, चहा देऊ नये. त्याने रुबाबासाठी पिकअपला मोठे टायर बसवले आणि मागच्या एक्सलची गिअरिंग होती तशीच ठेवली. बिचारा गिअरबॉक्स भार ओढताना सारखे गिअर वर-खाली करत तापून मेला, आणि हा गावभर माझ्या नावाने खडे फोडत फिरला. मी त्याला माफ केलेलं नाही. मेल्यावरही करण्याचा विचार नाही.

कलम ५. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. तिने ती जपून ठेवू नये, खर्च करावी. मुलगा नोकरीनिमित्त दूर असतो. त्याला हातोडी आणि खिळा यांतला फरक कळत नाही, म्हणून माझी हत्यारं त्याला देत नाही. माझं घड्याळ द्यावं, आणि त्याच्यावर माझा राग नाही हेही सांगावं.

कलम ६. वर्कशॉपची रस्त्याकडची पुढची खोली मेहुण्याला, दुकानासाठी. भरपाई म्हणून नव्हे. तो मला पहिल्यापासून आवडतो, हे सांगायचं राहिलं होतं.

सहीआधीची नोंद. आज सगळे जमलो तेव्हा वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये. मेहुण्याने कलम ६ दोनदा वाचलं.

"म्हणजे मी सही केली तर ही खोली मला नाही?"

"नाही."

"मग पेन द्या."

मी पुष्कळ समजावलं, रागावलोसुद्धा. तो म्हणाला, "दाजी, पोरीचं वर्कशॉप अर्धं कशाला? पुरं द्या." सबब कलम ६ रद्द. ती खोलीही मुलीची.

ठिकाण : वर्कशॉपची मागची खोली
दिनांक : चौदा मार्च, दुपारी साडेतीन

लिहून ठेवणार : गिअरबॉक्स मिस्त्री (सही)

साक्षीदार पहिला : डॉक्टरीण, शेजारचा दवाखाना. लिहून ठेवणार शुद्धीवर आहेत. आज जरा जास्तच खुशीत आहेत. (सही)

साक्षीदार दुसरा : लिहून ठेवणाऱ्यांचा मेहुणा. त्यांनी माझ्यासमोर सही केली. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. कधीच नव्हती. (सही)